ऑडिट ट्रेल वाचायला बसताना : ईडीसीत नव्यानं आलेल्यांसाठी

क्लिनिकल डेटा मॅनेजमेंटचा कोर्स करून पुण्या-मुंबईच्या एखाद्या सीआरओत (औषध कंपन्यांसाठी ट्रायलचं काम करणाऱ्या कंपनीत) रुजू झालात, की पहिले काही महिने ईडीसीत, म्हणजे ट्रायलचा डेटा भरायच्या संगणक प्रणालीत, क्वेरी (डेटाबद्दलच्या शंका) टाकण्यात आणि बंद करण्यात जातात. मग एके दिवशी मेलमध्ये एक भलीमोठी एक्सेल येऊन पडते. पन्नास-साठ हजार ओळी, आणि सोबत एवढंच : 'ऑडिट ट्रेल रिव्ह्यू, शुक्रवारपर्यंत.' ती वाचायची कशी, हे ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये नसतं. तिथं कायद्याचं कलम असतं आणि बटण कुठं आहे त्याचा स्क्रीनशॉट असतो. मी हे काम बरीच वर्षं करतेय आणि नव्या मुलामुलींना त्याच त्याच चार-पाच जागी अडखळताना पाहिलंय. म्हणून हे लिहून ठेवतेय. साईटवर, म्हणजे जिथं ट्रायल चालते त्या रुग्णालयात, कोऑर्डिनेटर म्हणून काम करणाऱ्यांनाही उपयोग होईल, कारण तुमच्या एन्ट्रीकडे पलीकडचा माणूस कसा पाहतो ते यातून कळेल.

ऑडिट ट्रेल म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. ईडीसीच्या स्क्रीनवर दिसते ती आजची व्हॅल्यू. ती पहिल्यांदा कोणी टाकली, केव्हा टाकली, आधी काय होती, कोणी बदलली, का बदलली, हा सगळा इतिहास सिस्टीम स्वतः मागे लिहून ठेवते. सातबाऱ्यावर आज कोणाचं नाव आहे ते दिसतं, पण ते नाव तिथं कसं लागलं हे फेरफार काढल्याशिवाय समजत नाही, तसंच हे. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएचा १९९७ चा २१ सीएफआर भाग ११ हा नियम सांगतो, की ही नोंद संगणकानंच करायची, तिच्यावर तारीख-वेळ असायची आणि नव्या नोंदीनं जुनी झाकली जायची नाही. युरोपच्या औषध नियामक ईएमएनं संगणकीय प्रणालींबद्दलची मार्गदर्शिका २०२३ मध्ये लागू केली. तिच्यानुसार नुसता ऑडिट ट्रेल असून भागत नाही. तो वाचणं अपेक्षित आहे, आणि अख्खा ट्रेल फाइल म्हणून बाहेर काढता आला पाहिजे, असंही आहे. जानेवारी २०२५ मध्ये अंतिम झालेल्या आयसीएच ई-६ या ट्रायलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या तिसऱ्या आवृत्तीतही डेटा गव्हर्नन्सचा वेगळा भाग आला. तुमच्याकडे ही एक्सेल येण्याचं कारण हे आहे.

हाताशी काय काय हवं

एक्सेल उघडण्याआधी एवढं गोळा करा. यातलं निम्मं नसेल तर वाचायला बसू नका, फुकट वेळ जाईल.

- प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा ठरलेला आराखडा, आणि त्याच्या सुधारणांच्या तारखा
- फॉर्म भरण्याच्या सूचना, म्हणजे सीआरएफ कम्प्लिशन गाइडलाइन्स
- डेटा डिक्शनरी, म्हणजे कोणत्या कोडचा अर्थ काय
- एडिट चेकची यादी, म्हणजे भरलेल्या व्हॅल्यूवर सिस्टीम आपोआप करते त्या तपासण्या
- प्रत्येक साईटचा डेलिगेशन लॉग : कोणाला कोणतं काम कोणत्या तारखेपासून दिलंय
- ईडीसीच्या युजरची यादी, रोलसकट, चालू आणि बंद दोन्ही
- स्टडी चालू असताना फॉर्म बदलले असतील तर त्या मायग्रेशनच्या तारखा
- साईट आयडीची यादी, शहर आणि टाइम झोनसकट
- मॉनिटरच्या, म्हणजे साईटवर जाऊन नोंदी तपासणाऱ्याच्या, व्हिजिटच्या तारखा

शेवटच्या तीन गोष्टी कोणी आपणहून देत नाही, मागून घ्याव्या लागतात. आणि गोंधळ नेमका त्या तिघींवाचून होतो.

१. आधी एकच फील्ड वाचा

थेट साठ हजार ओळींवर तुटून पडू नका. ईडीसीत लॉगिन करा, एक सब्जेक्ट (ट्रायलमधला रुग्ण) उघडा, एक फॉर्म, एक फील्ड, आणि त्याचा इतिहास पाहा. बहुतेक सिस्टीममध्ये फील्डशेजारी छोटं चिन्ह असतं. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अभ्यासांत बऱ्याचदा रेडकॅप असतं. त्यात फील्डला लागून इंग्रजी 'एच' असलेलं चिन्ह दिसतं, ते दाबलं की त्या फील्डचा इतिहास उघडतो. अख्ख्या प्रोजेक्टचा ट्रेल डावीकडच्या 'लॉगिंग'मध्ये सापडतो.

इथं तीन गोष्टी डोळ्यांना सवयीच्या करून घ्या.

पहिली, क्रम. काही सिस्टीम ताजी नोंद वर दाखवतात, काही खाली. वरून खाली वाचत गेलात आणि ताजी नोंद वर असेल, तर तुम्हाला १४२ चं १३८ झालेलं दिसेल, प्रत्यक्षात १३८ चं १४२ झालेलं असेल. अर्थ पार उलटा.

दुसरी, कोड. ट्रेलमध्ये पुष्कळदा 'पुरुष', 'स्त्री' असं न येता १, २ असं येतं. '१ चं २ झालं' यावरून काहीच ठरवू नका, आधी डिक्शनरी उघडा. चेकबॉक्स असेल तर प्रत्येक पर्यायाची ओळ वेगळी येते. एका टिकमार्कच्या बदलाला दोन ओळी पडलेल्या दिसतील.

तिसरी, जुनी व्हॅल्यू. प्रत्येक सिस्टीम 'आधी-नंतर' शेजारीशेजारी देत नाही. रेडकॅपच्या लॉगमध्ये त्या वेळी सेव्ह झालेली व्हॅल्यू दिसते. आधीची हवी तर त्याच फील्डची मागची ओळ शोधावी लागते.

आणखी एक, जे बहुतेकांना उशिरा लक्षात येतं : सेव्ह करण्याआधी स्क्रीनवर जे खोडलं-लिहिलं, ते सहसा ट्रेलमध्ये येत नाही. कोऑर्डिनेटरनं १३८ टाइप केलं, खोडलं, १४२ टाइप केलं आणि मग सेव्ह दाबलं, तर ट्रेलला फक्त १४२ माहीत.

२. घड्याळ कोणत्या गावचं आहे ते ठरवा

नव्या माणसानं 'संशयास्पद' म्हणून लाल केलेल्या ओळी पाहायला बसलं, की माझा पहिला प्रश्न हाच असतो : ही वेळ कुठली? बऱ्याच वेळा तिथंच निकाल लागतो.

ईडीसीचा सर्व्हर साधारणपणे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वेळ लिहितो. आपली वेळ साडेपाच तास पुढं. नाशिकच्या साईटवर कोऑर्डिनेटरनं सकाळी सव्वानऊला फॉर्म सेव्ह केला, तर एक्सेलमध्ये पहाटे ३:४५ दिसेल. नवा माणूस लिहितो, 'साईटवर पहाटे डेटा एन्ट्री, चौकशी आवश्यक.' अहो, ती बाई नुकती ओपीडीत येऊन चहाही न घेता बसली होती!

सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ दाखवत असेल तर घोळ याहून मोठा. हिवाळ्यात ती वेळ आपल्या साडेदहा तास मागे असते. ५ जानेवारीला सकाळी दहाला व्हिजिट झाली आणि तिथल्या तिथं एन्ट्री झाली, तर ट्रेलमध्ये ४ जानेवारी, रात्री ११:३० येईल. म्हणजे व्हिजिटच्या आदल्या दिवशीच बीपी टाकून मोकळे! असं कागदावर दिसलं की नवा माणूस थेट 'बनावट डेटा' असं लिहून टाकतो. मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार तिथं घड्याळ तासभर पुढं असतं, त्यामुळं फरक साडेनऊ तासांवर येतो. तेव्हा वर्षभराच्या फाइलला एकच आकडा मिळवून चालत नाही.

करायचं असं. फाइलच्या माहितीपानावर किंवा व्हेंडरच्या कागदात टाइम झोन लिहिलेला असतो, तो शोधा. नसला तर व्हेंडरला लेखी विचारा, अंदाज बांधू नका. मग एक्सेलमध्ये मूळ वेळेचा रकाना तसाच ठेवून शेजारी 'साईटची वेळ' असा नवा रकाना करा. मूळ रकान्याला हात लावायचा नाही.

एक्सेलचाही एक सापळा आहे. सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडली, की एक्सेल तारखा आपल्या मर्जीनं समजून घेतं. ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? महिना-आधी पद्धतीच्या फाइलमध्ये १२ पर्यंतच्या तारखा गुपचूप उलट्या होतात आणि १३ पासूनच्या तारीख न राहता मजकूर बनतात. सब्जेक्ट क्रमांकाच्या पुढची शून्यं गळतात; ०१४ चं १४ होतं. सेकंद दिसेनासे होतात. त्यामुळं फाइल डबल-क्लिक न करता 'डेटा'च्या मेन्यूतून इम्पोर्ट करा, आणि तारीख व क्रमांकाचे रकाने 'टेक्स्ट' म्हणून घ्या.

रुग्ण मोबाइलवर किंवा टॅबवर डायरी भरत असेल तर दोन वेळा मिळतात : रुग्णानं भरलं ती, आणि सर्व्हरवर पोचलं ती. गावात रेंज नसली की पाच दिवसांच्या नोंदी एकाच मिनिटात येऊन आदळतात. याचा अर्थ पाच दिवसांची डायरी एका बैठकीत भरली असा नाही. भरल्याची वेळ पाहा. भरल्याच्याच वेळा एका ओळीनं मिनिटामिनिटाच्या अंतरानं असतील, तर मात्र विचारायला जागा आहे. कागदी डायऱ्यांत हे सर्रास होत असे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००२ साली आलेल्या एका अभ्यासात जुनाट वेदनेच्या रुग्णांच्या डायरीत प्रकाश ओळखणारा सेन्सर लपवला होता. रुग्णांनी ९० टक्के नोंदी वेळच्या वेळी केल्याचं लिहिलं होतं, प्रत्यक्षात त्या ११ टक्के निघाल्या.

३. माणूस कोण, यंत्र कोण

साठ हजार ओळींतल्या कितीतरी ओळी माणसानं लिहिलेल्याच नसतात. वजन बदललं की बीएमआय आपोआप बदलतो आणि त्याची वेगळी ओळ पडते. एडिट चेक पेटला की सिस्टीम क्वेरी उघडते, व्हॅल्यू सुधारली की स्वतःच बंद करते. प्रोटोकॉलमध्ये सुधारणा होऊन फॉर्मची नवी आवृत्ती आली, की एका रात्रीत हजारो ओळी तयार होतात. काही सिस्टीममध्ये या ओळींवर 'सिस्टीम' असं नाव असतं, काहींत ज्यानं वजन बदललं त्याच माणसाचं नाव बीएमआयच्या ओळीवरही येतं.

म्हणून पहिली चाळण ही लावा : सिस्टीमच्या ओळी, गणिती फील्ड आणि मायग्रेशनच्या तारखा बाजूला काढा. पुसू नका, वेगळ्या शीटवर ठेवा. फाइल केवढी आटोपशीर होते ते बघाच.

दुसरं, सेकंद. एकाच सेकंदाला वीस फील्ड भरलेली दिसली म्हणून दचकू नका. फॉर्म सेव्ह झाला की त्यावरच्या सगळ्या फील्डना एकच वेळ पडते. माणूस त्याआधी पंधरा मिनिटं बसून भरत असेल. मुख्य संशोधकानं चाळीस फॉर्मवर एकाच मिनिटात सही केल्याचं दिसतं, तेही तसंच. बऱ्याच सिस्टीममध्ये अख्ख्या केसबुकवर (एका रुग्णाच्या सगळ्या फॉर्मवर) एकदम ई-सही करता येते. सहीनंतर एखादी व्हॅल्यू बदलली की अनेक सिस्टीममध्ये सही आपोआप मोडते आणि पुन्हा करावी लागते. ट्रेलमध्ये 'सही काढली' असं दिसलं, तर ती कोणी हातानं काढली की बदलामुळं मोडली, ते वरच्या-खालच्या ओळींवरून पाहा.

४. कारणाचा रकाना

इथं माझं मत जरा कडवट आहे. 'बदलाचं कारण' या रकान्यात बहुतेक ठिकाणी ड्रॉपडाउन असतो आणि त्यातला पहिला पर्याय 'डेटा एन्ट्री एरर' असतो. मग सगळी दुनिया डेटा एन्ट्री एरर. फॉर्म बनवतानाच चार नेमके पर्याय दिले असते तर निम्मा रिव्ह्यू वाचला असता, पण तेव्हा डेडलाइन असते. रेडकॅपमध्ये तर कारण विचारण्याची सोय मुळात बंद असते. प्रोजेक्ट उभा करताना ती चालू करावी लागते. नवा प्रोजेक्ट तुमच्या हातात असेल तर पहिल्या सब्जेक्टच्या आधी ती चालू करा.

तेव्हा या रकान्यावर विश्वास ठेवू नका आणि अविश्वासही नको. कारण काय लिहिलंय यापेक्षा बदल कशानंतर झाला ते पाहा : क्वेरीनंतर, मॉनिटरच्या व्हिजिटनंतर, लॅब रिपोर्ट आल्यानंतर, की असाच मधेच.

मोकळा मजकूर लिहायची सोय असेल तर आणखी एक धोका. कोऑर्डिनेटर घाईत रुग्णाचं नाव लिहून जातात. नंतर ते खोडलं तरी ट्रेलमध्ये राहतं. राहायचंच, त्याचं कामच ते आहे. असं सापडलं तर ती ओळ कॉपी करून मेलवर फिरवू नका. साईट, सब्जेक्ट क्रमांक, फॉर्म, फील्ड एवढंच लिहून डेटा मॅनेजमेंट लीडला कळवा.

५. एक ट्रेल जवळून

आता एक उदाहरण घेऊ. आकडे बनवलेले आहेत, पण असे प्रसंग वरचेवर येतात.

रक्तदाबाच्या औषधाची ट्रायल. पात्रतेची अट : बसून घेतलेल्या तीन सिस्टोलिक (बीपीचा वरचा आकडा) रीडिंगची सरासरी १४० किंवा जास्त. सब्जेक्ट ०१४, स्क्रीनिंग व्हिजिट. वेळ यूटीसीत. सीआरसी म्हणजे साईटची कोऑर्डिनेटर; आयआरटी म्हणजे रँडमायझेशन, म्हणजे रुग्णाची औषधाच्या गटात यादृच्छिक वाटणी, करणारी प्रणाली.

०५:१२:४० | सिस्टोलिक बीपी | रिकामं → १३८ | सीआरसी
०५:१२:४० | क्वेरी उघडली : 'पात्रतेच्या मर्यादेबाहेर' | सिस्टीम
०५:२३:०५ | सिस्टोलिक बीपी | १३८ → १४२ | सीआरसी | डेटा एन्ट्री एरर
०५:२३:०५ | क्वेरी बंद | सिस्टीम
०५:२९:५१ | रँडमायझेशन | आयआरटी

पहिल्यांदा वाचताना पोटात गोळा येतो. रुग्ण बसत नव्हता, सिस्टीमनं हटकलं, दहा मिनिटांत आकडा अटीत बसेल एवढाच वाढला आणि लगेच रुग्ण ट्रायलमध्ये. कारण? तेच, डेटा एन्ट्री एरर.

आता सावकाश. साईटच्या वेळेत हे १०:४२ ते १०:५९ आहे, ओपीडीची वेळ. मॉनिटरला सोर्स, म्हणजे साईटवरची मूळ नोंद, पाहायला सांगितलं. सोर्स शीटवर ९:५० ला घेतलेली तीन रीडिंग आहेत : १३८, १४२, १४६. खाली सरासरी १४२, डॉक्टरांची सही, तारीख. म्हणजे कोऑर्डिनेटरनं सरासरीच्या जागी पहिलं रीडिंग टाकलं होतं, क्वेरी आल्यावर लक्षात आलं, दुरुस्त केलं. प्रकरण मिटलं. कारणात 'पहिलं रीडिंग टाकलं गेलं, सरासरी हवी होती' असं लिहिलं असतं तर कोणाला फोनही करावा लागला नसता.

आता दुसरी शक्यता. सोर्स शीटवर एकच रीडिंग आहे, १३८ च्या ८ वर २ आणि ३ वर ४ गिरवलेला आहे, शेजारी ना सही ना तारीख. किंवा सोर्सच सापडत नाही. ट्रेलच्या ओळी अगदी त्याच. ट्रेल घटना सांगतो, हेतू सांगत नाही. हेतूचा निवाडा तुम्ही करायचा नाही. इथं तुमचं काम एवढंच, की हे लगेच क्लिनिकल आणि क्वालिटीच्या लोकांपर्यंत पोचवायचं.

मधली शक्यताही लक्षात ठेवा. सोर्स ठीक आहे, पण त्याच साईटवर ०१४, ०१७, ०२२ आणि ०२५ या चौघांचेही आकडे अटीच्या जरा खालून जरा वर सरकलेत, प्रत्येक वेळी क्वेरीनंतर. एकेकटा पाहिला तर प्रत्येकाला उत्तर आहे, चार एकत्र पाहिले तर मॉनिटरनं जाऊन बसायला हवं. ईएमए अख्खी फाइल बाहेर काढता आली पाहिजे म्हणते ती याचसाठी. स्क्रीनवर एकेक फील्ड उघडून हे कधीच दिसत नाही.

६. आता अख्खी फाइल

सगळ्या ओळी वाचायच्या नसतात. कोणत्या वाचायच्या हे रिव्ह्यू प्लॅनमध्ये आधी ठरलेलं असावं. नसेल तर लीडसोबत अर्धा तास बसून ठरवा आणि लिहून ठेवा, नाहीतर नंतर कोणीही विचारतं, 'हेच का पाहिलं, ते का नाही?'

माझा क्रम असा. सर्वांत आधी संमतीची तारीख. ती मागे सरकली आहे का, आणि सरकल्यावर ती पहिल्या तपासणीच्या आधीची झाली आहे का? मग पात्रतेची फील्ड. मग प्राथमिक निष्कर्षाची फील्ड, विशेषतः डेटाबेस लॉकच्या (डेटा अंतिम करून बंद करण्याच्या) आधीच्या पंधरवड्यात बदललेली. मग गंभीर प्रतिकूल घटना, म्हणजे एसएई.

एसएईबद्दल जरा थांबून. आपल्याकडच्या २०१९ च्या नव्या औषधांच्या व क्लिनिकल ट्रायलच्या नियमांनुसार संशोधकानं एसएई २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण, प्रायोजक आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते. त्यामुळं 'साईटला कधी कळलं' ही तारीख बदललेली असेल तर ती ओळ पहिल्या पानावर घ्या. १० तारखेची १२ झाली आणि रिपोर्ट १३ ला गेला, तर का विचारताय हे कोणालाही समजेल. मात्र ईडीसीत फॉर्म सेव्ह झाल्याची वेळ म्हणजे एसएई कळवल्याची वेळ नव्हे. कळवणं ईमेलनं किंवा दुसऱ्या मार्गानं आधीच झालेलं असू शकतं. पोचपावती मागवा, मगच उशीर म्हणा.

मग पिव्हट टेबल. साईटवार, युजरवार, महिनावार बदल मोजा आणि कोण इतरांपेक्षा वेगळं दिसतंय ते बघा.

व्हिजिट आणि पहिली एन्ट्री यांतलं अंतर साईटवार काढा. किती दिवस चालतात ते करारात किंवा सूचनांत लिहिलेलं असतं. मॉनिटर येण्याच्या आदल्या दोन दिवसांत महिन्याभराची एन्ट्री उरकणाऱ्या साईट सगळ्या देशांत आहेत. तो आळस असतो, लबाडी नव्हे, पण त्या दिवसांतली एन्ट्री सोर्सशी जास्त कसून ताडायला सांगा.

युजर पाहताना डेलिगेशन लॉग शेजारी ठेवा. ज्यांना फक्त सहीचा अधिकार दिलाय त्या डॉक्टरांच्या लॉगिननं शेकडो फील्ड भरली जात असतील, तर पासवर्ड कोणाकडे आहे हा प्रश्न उभा राहतो. नोकरी सोडून गेलेल्या कोऑर्डिनेटरच्या नावानं नोंदी चालू असतील तर तोच प्रश्न. लॉगिन-लॉगआउटची नोंद सहसा या फाइलमध्ये नसते, वेगळी मागावी लागते.

आणि जिथं काहीच दिसत नाही तिथंही पाहा. सहा महिन्यांत एकही दुरुस्ती नसलेली साईट बघून सगळे खूश होतात. मी होत नाही. माणसं टाइप करताना चुकतातच. कदाचित कोऑर्डिनेटर फार काटेकोर असेल, आधी कागदावर सगळं तपासून मग टाकत असेल. कदाचित नसेल. पाच सब्जेक्ट निवडून सोर्सशी ताडायला सांगणं महाग पडत नाही.

एक पथ्य : औषधाचा गट माहीत असलेल्या फार्मासिस्टचे फॉर्म, किंवा आयआरटीचा ट्रेल यांतून कोणाला कोणतं औषध चाललंय ते फुटू शकतं. तुम्ही ब्लाइंडेड टीममध्ये असाल तर ती फाइल उघडूच नका, आणि चुकून तुमच्याकडे आली तर पुढं पाठवू नका, लगेच कळवा.

७. क्वेरी लिहिताना

ट्रेलवरून उठलेली क्वेरी नेहमीच्या क्वेरीपेक्षा नाजूक असते. समोरच्याला ती चोरी पकडल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण भाव कसा हवा ते मराठीत सांगते.

असं नको : 'क्वेरीनंतर १३८ चं १४२ का केलं? कृपया १३८ करावं.' यात आरोपही आहे आणि उत्तरही तुम्हीच दिलंय. साईट घाबरून १३८ करेल आणि बरोबर असलेला डेटा तुमच्यामुळं चुकेल.

असं हवं : 'स्क्रीनिंगच्या सिस्टोलिक बीपीमध्ये बदल झाल्याचं दिसतं. सोर्समधील तिन्ही रीडिंगशी ताडून सध्याची व्हॅल्यू बरोबर आहे का ते कळवावं, आणि बदलाचं कारण सविस्तर नोंदवावं.'

ज्या ओळींबद्दल शंका गंभीर आहे, त्यांची क्वेरी टाकूच नका. क्वेरी टाकली की साईटला कळतं, आणि कधीकधी सोर्स 'सापडतो'. ते आधी लीडकडे, तिथून क्वालिटीकडे.

८. काय पाहिलं ते लिहून ठेवा

इन्स्पेक्टर आला की तुमची लाल-पिवळी एक्सेल दाखवून चालत नाही. एका साध्या तक्त्यात लिहा : फाइल कोणत्या तारखेला काढली, कोणत्या तारखेपर्यंतचा डेटा, टाइम झोन, कोणत्या चाळण्या लावल्या, कोणती फील्ड पाहिली, काय सापडलं, कोणाला कळवलं, काय उत्तर आलं. 'काही सापडलं नाही' हेही लिहायचं. मूळ निर्यात फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा, काम नेहमी प्रतीवर करा.

रिव्ह्यू लॉकच्या तोंडावर एकदाच करायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. मला ती पटत नाही. दोन वर्षांपूर्वीचा बदल आज विचारला तर कोऑर्डिनेटर बदललेली असते, डॉक्टरांना आठवत नसतं, आणि उत्तर येतं 'डेटा एन्ट्री एरर'. पहिल्या काही सब्जेक्टनंतर एकदा, मग ठरावीक अंतरानं करत गेलात तर टाइम झोन, कोड, कारणाचा ड्रॉपडाउन यांतल्या गडबडी वेळेवर सुधारता येतात.

लॉक झाल्यावरही दोन कामं उरतात. लॉक काढून काही बदललं असेल तर अनलॉकची ओळ, मंजुरीचा कागद आणि बदललेली फील्ड, तिन्ही जुळवा; मंजुरी तीन फील्डची आणि बदल पाच फील्डमध्ये, असं व्हायला नको. आणि साईटला डेटाची जी प्रत दिली जाते, त्यातला एखादा फॉर्म साईटच्याच संगणकावर उघडून पाहायला सांगा, की त्यात ऑडिट ट्रेल आहे का आणि तो वाचता येतो का. व्हेंडरचा करार संपल्यावर हे लक्षात आलं तर प्रत पुन्हा काढून घेणं जड जातं.